क्लोरिनची हिरवी ज्योत

‘आयपीसीएल आमच्या दारात असताना शहराचा प्लास्टिक कचरा तिथेच परत का वापरत नाहीत?’ बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. (ही पेट्रोकेमिकल कंपनी रिलायन्सकडे जाऊन वीस वर्षं उलटली, पण जुन्या बडोदेकरांच्या तोंडातून नाव काही जात नाही!)

तिथला नाफ्था क्रॅकर 1978 साली सुरू झाला. कोयलीच्या रिफायनरीतला नाफ्था वाफेसोबत आठशे अंशांच्या आसपास तापवून फोडायचा, मिळालेल्या इथिलीनचे रेणू जोडून पॉलिथिलीनचा दाणा करायचा. उलटा प्रवासही जमतो. हवा बंद ठेवून चार-पाचशे अंशांवर तापवलं की पिशवीचं तेल होतं आणि ते क्रॅकरला पुन्हा चालू शकतं. ‘कचऱ्यातून इंधन’च्या बातम्या नेमक्या इथेच संपतात.

अडचण पीव्हीसीची. त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरिन. तापलं की हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो आणि यंत्राच्या नळ्या कुरतडतो. म्हणजे आधी निवड हवी. पाण्याच्या टाकीत पॉलिथिलीन तरंगतं, बाटल्यांचं पेट बुडतं; पण पीव्हीसीही बुडतं! तिथे उपयोगी पडते तांब्याची तार. लाल तापवून प्लास्टिकला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की क्लोरिन असल्याची शंका पक्की. (धूर विषारी, घरी करू नका.) ही युक्ती 1872 सालची, फ्रेडरिक बाइलश्टाइनची. सेंट पीटर्सबर्गच्या या रसायनतज्ज्ञाचं नाव राहिलं ते त्याच्या सेंद्रिय संयुगांच्या अवाढव्य कोशामुळे. मला मात्र कोशापेक्षा ही दोन पैशांची तार मोठी वाटते.

भंगारवाल्याकडे तारही नसते. पिशवी चुरगळून आवाजावरून तो ती दुधाची की कुरकुऱ्यांची हे सांगतो. दुधाच्या पिशवीला भाव मिळतो. कुरकुऱ्यांच्या पाकिटाला नाही, कारण वेगवेगळ्या प्लास्टिकचे पापुद्रे आणि धातूचा मुलामा त्यात एकमेकांना चिकटलेले. शिजलेल्या खिचडीतून डाळ निवडण्याचा तो प्रकार. अशी पाकिटं मग सिमेंटच्या भट्टीत जातात. तिथे दगडी कोळसा थोडा वाचतो, दाणा काही परत मिळत नाही.

बाटली देताना तिच्यावरचं आवळून बसवलेलं वेष्टण तेवढं ओढून काढा. ते पीव्हीसीचं असू शकतं, आणि त्याचे थोडेसे तुकडेही वितळलेलं पेट पिवळं पाडतात.