बिनकुलपाचे यंत्र

कपाटाला कुलूप असते. टेलिफोनच्या डायलच्या भोकात बसणारे इवलेसे कुलूपही पुष्कळांना आठवत असेल. पण आमच्या घरच्या जुन्या संगणकाला मात्र त्याच्या जन्मदात्याने कुलूपच दिलेले नाही.

इंग्लंडात सिंक्लेअर कंपनीने १९८२ साली 'स्पेक्ट्रम' नावाचा घरगुती संगणक काढला आणि १९८४ साली त्याची 'प्लस' आवृत्ती. पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने त्या दशकात परवान्याने तिचा भारतीय अवतार बाजारात आणला. रोह्याच्या आमच्या मामांनी तो हौसेने घेतला आणि हल्ली तो पेणला माझ्याकडे असतो. टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवरून कॅसेटमधला प्रोग्रॅम त्यात भरायचा, असा त्याचा थाट.

आता भाद्रपदात पेणचे घर म्हणजे धर्मशाळा. मूर्तींचे कारखाने पाहायला येणाऱ्या पाहुण्यांची मुले दिसेल त्या बटणाला बोट लावणारच. नुसत्या बोटाने यंत्राचे काही बिघडत नाही. त्याची भाषा आत कायमची कोरलेली, आणि वीज गेली की बाकीची ४८ किलोबाइटांची पाटी आपोआप कोरी. भीती आहे ती अडॅप्टरची. याला नऊ व्होल्ट लागतात. पण पिनेच्या आत ऋण आणि बाहेर धन, म्हणजे हल्लीच्या बहुतेक अडॅप्टरांच्या नेमके उलट. कुणी उत्साही भाचा दुसराच अडॅप्टर खुपसून मोकळा झाला, की संपलेच!

मामांनी पूर्वी परवलीचा शब्द विचारणारा प्रोग्रॅम लिहिला होता. तो भरला की आपोआप सुरू होई. पण 'लोड'ऐवजी 'मर्ज' म्हटले की तो सुरूच होत नाही, आणि परवलीच्या शब्दासकट सारा मजकूर पडद्यावर वाचायला मिळतो! शिवाय कडेला रीसेटचे बटण आहेच. ते दाबले की यंत्र पुन्हा साऱ्या गावाचे. १९८४ च्या आयबीएम 'एटी' संगणकाला खरोखरीची किल्ली असे. ती फिरवली की कळफलक बहिरा होई. पण ते कचेरीतले श्रीमंत यंत्र. आमच्या या गरिबाला साधा चालू-बंदचा खटकासुद्धा नाही. अडॅप्टर जोडला की चालू, काढला की बंद.

तेव्हा अडॅप्टर हीच किल्ली, असे मामांनी ठरवले. यंत्र पेणला आणि अडॅप्टर रोह्याला! बायको हसली, पण दोन गणेशोत्सव निर्धास्त गेले.

खरा जीव अडकला आहे तो एका कॅसेटमध्ये. या यंत्रात आपल्या मनाची अक्षरे घडवता येतात, पण एकवीसच. प्रत्येकाला आठ बाय आठ, म्हणजे चौसष्ट ठिपके. एवढ्या जागेत मामांनी देवनागरी बसवली. ङ आणि ञ यांना निरोप दिला, ळ मात्र ठेवला. मराठीचा मास्तर म्हणून हा निवाडा मला शंभर टक्के मान्य आहे. आज मामांचा हात कापतो. ते ठिपके पुन्हा मांडणे त्यांच्याच्याने होणार नाही, आणि कॅसेट ही एकच. एका पाहुण्या मुलाने तिच्यावर गाणे भरायला घेतले होते. त्याच दिवशी मी कॅसेटच्या पाठीवरची दोन्ही प्लास्टिकची पाने मोडून टाकली. ती मोडली की टेपरेकॉर्डरचे रेकॉर्डिंगचे बटण दबतच नाही.

या दिवाळीत मामा येताना अडॅप्टर आणणार आहेत. कॅसेटमधला तो किर्र आवाज नव्या संगणकात उतरवून घ्यायचा बेत आहे. आधी टेपरेकॉर्डरचे डोके स्पिरिटने पुसायचे, अशी त्यांची पत्रातून ताकीद आली आहे.