समुद्रापलीकडचा दवाखाना

डायलिसिसच्या यंत्राला एका खेपेला साधारण १२० लिटर पाणी लागतं. नळाचं पाणी चालत नाही. क्लोरीन, क्षार, जंतू सगळं काढून टाकलेलं, प्रयोगशाळेच्या तोडीचं शुद्ध पाणी लागतं. एक खेप चार तासांची, आणि तेवढ्या वेळात वीज जाऊन चालत नाही. रुग्णाच्या हातावर धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केलेला असतो. त्यावर बोट ठेवलं तर आत भुंगा गुणगुणतोय असं वाटतं. तिथं दोन जाड सुया टोचायच्या, रक्त बाहेर काढून गाळायचं आणि परत आत सोडायचं. हे आठवड्यातून तीनदा, जन्मभर किंवा नवं मूत्रपिंड मिळेपर्यंत. खेप संपली की रक्तदाब उतरलेला असतो, पोटऱ्यांत गोळे येतात आणि माणसाला फक्त घरी जाऊन आडवं व्हायचं असतं.

कॅरिबियन समुद्रातल्या व्हिएकेस बेटावरचे रुग्ण त्या अवस्थेत छोट्या विमानात बसायचे. बेटावर डायलिसिसची सोय होती, ती २०१७च्या सप्टेंबरातल्या मारिया चक्रीवादळात बंद पडली. मग आठवड्यातून तीन दिवस पहाटे उठायचं, समुद्र ओलांडून मुख्य बेटावरच्या उमाकाओ शहरात जायचं, चार तास यंत्राला बांधून घ्यायचं आणि परत उडायचं. वर्षाला १५६ खेपा, म्हणजे ३१२ वेळा समुद्र ओलांडणं. तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याला डायलिसिसला जाणारं माणूस ज्यांच्या घरात आहे, त्यांना यातला थकवा वेगळा सांगायला नको. काही जणांनी या फेऱ्या करता करता प्राण सोडले.

व्हिएकेस हा पोर्तो रिकोचा भाग आणि पोर्तो रिको १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात. बेट सुमारे ३४ किलोमीटर लांब आणि जेमतेम सहा किलोमीटर रुंद. २०२०च्या जनगणनेत इथं आठ हजारांवर माणसं होती. लोक बेटाला लाडानं ‘इस्ला नेना’ म्हणतात, म्हणजे धाकटं लेकरू. तेरा-चौदा किलोमीटरवरचं पोर्तो रिको हे ‘इस्ला ग्रांदे’, मोठं बेट. दोन्हींमध्ये ये-जा करते ती ‘लांचा’. भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरणाऱ्यांना हा शब्द लगेच ओळखीचा वाटेल. वीज समुद्राखालच्या केबलनं येते आणि पाणी समुद्राखालच्या नळानं. त्या वादळात केबल तुटली आणि बेट वर्षाहून जास्त काळ जनरेटरवर चाललं. अशा ठिकाणी १२० लिटर शुद्ध पाणी आणि चार तासांची अखंड वीज म्हणजे काय, याचा अंदाज करावा.

या बेटाचा दवाखाना म्हणजे सुसाना सेंतेनो केंद्र, एका परिचारिकेच्या नावानं उभं राहिलेलं. सरकारी भाषेत ‘निदान व उपचार केंद्र’, लोकांच्या तोंडी त्याची तीन आद्याक्षरं, ‘सेदेते’. शस्त्रक्रियांचं मोठं इस्पितळ ते कधीच नव्हतं. पण अपघात विभाग होता, बाळंतपणाची खोली होती, डायलिसिस होतं. रात्री दोन वाजता पोरगं तापानं फणफणलं तर उचलून न्यायला जागा होती.

या केंद्रामागे एक विचार होता आणि तो मला फार मोलाचा वाटतो. गेल्या शतकाच्या मध्याला पोर्तो रिकोत गियेर्मो आर्बोना यांच्यासारख्या सार्वजनिक आरोग्याच्या जाणकारांनी एक साखळी उभी केली. प्रत्येक नगरपालिकेत आरोग्य केंद्र, त्यावर विभागीय रुग्णालय, त्यावर सान हुआनचं वैद्यकीय महाविद्यालय. दुखणं जेवढं गुंतागुंतीचं तेवढी वरची पायरी. पुढे १९९३ मध्ये गव्हर्नर पेद्रो रोसेयो यांनी ‘ला रेफोर्मा’ आणली. ते स्वतः बालशल्यचिकित्सक. गरिबांच्या हाती विम्याचं कार्ड आलं आणि सरकारी रुग्णालयं एकेक करून खासगी हातांत गेली. कार्डामुळे अनेकांना खासगी डॉक्टरची दारं उघडली, हे मान्य करायला हवं. पण साखळीचे दुवे विकले गेले. कार्ड चालवायला समोर दवाखाना लागतो, आणि आठ हजार वस्तीच्या बेटावर दवाखाना काढणं कुठल्या व्यापाऱ्याला परवडणार? तिथं सरकारच लागतं.

त्या सरकारची तिजोरी मात्र रिकामी होत गेली. २०१५ मध्ये गव्हर्नरांनी कर्ज फेडता येणार नाही असं जाहीर केलं. आकडा ७० अब्ज डॉलरच्या वर. २०१६ मध्ये अमेरिकी संसदेनं कायदा करून पोर्तो रिकोच्या खर्चावर एक देखरेख मंडळ बसवलं. लोक त्याला नुसतं ‘ला हुंता’ म्हणतात. त्यातच गरिबांच्या मेडिकेड योजनेचा केंद्राकडून येणारा पैसा. मिसिसिपीसारख्या गरीब राज्याला खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश वाटा केंद्र देतं आणि त्याला कमाल मर्यादा नाही. पोर्तो रिकोसाठी कायद्यातला दर ५५ टक्के, आणि त्यावरही झाकण. अधूनमधून वाढ मिळाली, पण ती तात्पुरती. इथल्या लोकांना १९१७ पासून अमेरिकेचं नागरिकत्व आहे, पण बेटावर राहून राष्ट्राध्यक्षाला मत देता येत नाही. डॉक्टरांनी मग सोपा मार्ग धरला आणि विमानानं फ्लोरिडा, टेक्सास गाठलं. डॉक्टरांच्या संघटनेच्या हिशेबानं २००६ नंतरच्या दहा वर्षांत त्यांची संख्या सुमारे १४ हजारांवरून ९ हजारांवर आली.

२० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया चक्रीवादळ आलं, तेव्हा घर आधीच पोखरलेलं होतं. सुसाना सेंतेनो केंद्राच्या इमारतीत पाणी शिरलं, भिंतींना बुरशी धरली, दारं बंद झाली. आधी तंबूत आणि मग वादळ-निवाऱ्यासाठी बांधलेल्या इमारतीत कामचलाऊ दवाखाना सुरू झाला. पोर्तो रिकोत वादळाच्या बळींचा सरकारी आकडा बरेच महिने ६४ होता. वर्षभरानं सरकारनं २,९७५ हा आकडा स्वीकारला. हार्वर्डच्या संशोधकांनी घरोघरी विचारपूस केली तेव्हा दिसलं, की वादळानंतरच्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश उपचार वेळेवर न मिळाल्यामुळे किंवा मध्येच तुटल्यामुळे झाले. वाऱ्यातून वाचलेली माणसं औषधाविना गेली.

व्हिएकेसचा दवाखाना बंद करण्याचा हुकूम कुणी काढला नाही. कुठल्याही अंदाजपत्रकात तो खोडलेला सापडणार नाही. दुरुस्ती करायची की नवी इमारत बांधायची, एवढ्याच प्रश्नावर कागद फिरत राहिले. अमेरिकेच्या आपत्ती निवारण संस्थेचा, फेमाचा, नियम असा की दुरुस्तीचा खर्च नव्या बांधकामाच्या निम्म्याहून जास्त असेल तरच नव्या इमारतीचे पैसे मिळतात. म्हणून नुकसानीची किंमत ठरवण्यातच दोन वर्षं उलटली. माझ्या मते ही कपातच आहे, आणि सगळ्यात निर्दय प्रकारची. उघड कपातीविरुद्ध मोर्चा काढता येतो, कोर्टात जाता येतं. ‘फाइल वरती गेली आहे’ या उत्तराशी भांडणार कसं?

२०२०च्या जानेवारीत बेटावरची एक तेरा वर्षांची मुलगी आजारी पडली. कामचलाऊ दवाखान्यात तिच्या श्वासाला आधार देईल असं धड चालणारं यंत्र नव्हतं. मुख्य बेटावर पोहोचण्याआधीच ती गेली. लोक रस्त्यावर उतरले. त्याच महिन्यात नव्या इमारतीसाठी फेमानं ३ कोटी ९५ लाख डॉलर मंजूर केले. जे दोन वर्षं जमत नव्हतं ते एका पोरीच्या मरणानंतर काही दिवसांत जमलं.

या लोकांना रस्त्यावर उतरायची सवय नवी नाही. १९४०च्या दशकात अमेरिकी नौदलानं बेटाची दोन तृतीयांशाहून जास्त जमीन घेतली आणि साठ वर्षं तिथं बॉम्बफेकीचा सराव केला. १९ एप्रिल १९९९ रोजी चुकून पडलेल्या बॉम्बनं दाविद सानेस हा स्थानिक पहारेकरी मारला गेला आणि बेट पेटून उठलं. शेकडो लोक तुरुंगात गेले. १ मे २००३ रोजी नौदल निघून गेलं. मागे न फुटलेले बॉम्ब राहिले आणि माती विषारी झाली. इथं कर्करोगाचं प्रमाण मुख्य बेटापेक्षा जास्त असल्याचं पोर्तो रिकोच्या आरोग्य खात्याच्या नोंदींत दिसलं. अमेरिकी केंद्रीय संस्थेनं २०१३ मध्ये सांगितलं, की त्याचा बॉम्बफेकीशी संबंध सिद्ध होत नाही. संबंध सिद्ध होवो न होवो, कर्करोग झालेल्या माणसाला केमोथेरपी लागतेच, आणि तीही समुद्रापलीकडे.

बेटावरच्या दवाखान्याचा हिशेब डोकी मोजून करता येत नाही. आठ हजार वस्तीला एवढं कशाला, असं विचारणाऱ्यानं समुद्राचं अंतर धरलेलंच नसतं. मुख्य भूमीवरच्या आठ हजारांना रस्ता असतो, जीप असते, शेजाऱ्याची मोटारसायकल असते. इथं लाट उसळली की लांचा थांबते, ढग उतरले की विमान थांबतं, आणि प्रसूतिवेदना कशासाठी थांबत नाहीत. म्हणून दिवस भरत आले की व्हिएकेसच्या बायका आधीच मोठ्या बेटावर जाऊन राहतात, नातेवाइकांकडे किंवा भाड्याच्या खोलीत. घरी मोठं मूल असेल तर ते शेजारणीकडे ठेवून.

पैसे मंजूर झाल्यावरही बांधकाम सुरू व्हायला आणखी काही वर्षं गेली. २० सप्टेंबर २०२४ रोजी वादळाला सात वर्षं पूर्ण झाली. त्या दिवशीही बेटावर नवं रुग्णालय उघडलेलं नव्हतं, आणि बाळंत व्हायला समुद्र ओलांडावा लागत होता.