अमृता शेरगिल

अमृता शेरगिल (जन्म : बुडापेस्ट, हंगेरी, ३० जानेवारी १९१३, मृत्यू : लाहोर, ५ डिसेंबर १९४१) या हंगेरियन-भारतीय चित्रकार होत्या. आधुनिक भारतीय चित्रकलेच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते. महाराष्ट्रातील अजिंठ्याच्या भित्तिचित्रांमुळे त्यांच्या शैलीला निर्णायक वळण मिळाले.

बालपण व शिक्षण

वडील उमराव सिंग शेरगिल हे संस्कृत व फारसीचे अभ्यासक आणि छायाचित्रकार होते. आई मारी आंत्वानेत या हंगेरियन गायिका होत्या. अमृता यांचे बालपण हंगेरीत गेले. १९२१ मध्ये हे कुटुंब सिमल्यास आले. भारतविद्येचे अभ्यासक असलेले मामा एर्विन बाक्ताय यांनी घरातील नोकरचाकरांना समोर बसवून चित्रे काढण्याचा सल्ला त्यांना दिला. १९२९ मध्ये त्या पॅरिसला गेल्या व तेथील एकोल दे बोझार या कलाशाळेत ल्युसियाँ सिमाँ यांच्याकडे शिकल्या. ‘तरुणी’ (१९३२) या तैलचित्रास तेथील प्रदर्शनात १९३३ मध्ये सुवर्णपदक मिळाले.

अजिंठ्याचा प्रभाव

युरोपात आल्यामुळेच अजिंठ्याच्या चित्रांचे मोल आपणास उमगले, अशा आशयाचे पत्र त्यांनी १९३४ मध्ये लिहिले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या भारतात परतल्या. १९३६ मध्ये मुंबईत त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले आणि कलासमीक्षक कार्ल खंडालावाला यांच्याशी स्नेह जुळला. त्याच प्रवासात त्यांनी अजिंठा व वेरूळ येथील लेणी पाहिली आणि पुढे त्या दक्षिण भारतात गेल्या.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी आणि पुढे नंदलाल बोस यांसारखे बंगालचे चित्रकार यांनी अजिंठ्याच्या प्रतिकृती पूर्वीच केल्या होत्या. शेरगिल यांनी मात्र तेथील विषय किंवा अलंकरण उचलले नाही. अजिंठ्याची चित्रे कोरड्या गिलाव्यावर रंगविलेली आहेत, तर शेरगिल यांनी तैलरंग हे आपले माध्यम सोडले नाही. त्यांनी घेतली ती रचना : आकारांचे सुलभीकरण, एकमेकांशी बांधलेले मानवी समूह आणि गेरू-तपकिरी रंगांची संथ लय. ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजारास निघालेले दक्षिण भारतीय खेडूत’ या १९३७ मधील तीन चित्रांत हा बदल स्पष्ट दिसतो. सामान्य स्त्री-पुरुषांना त्यांत प्राचीन भित्तिचित्रांतील व्यक्तींचे गांभीर्य लाभले आहे.

‘तीन मुली’ (१९३५) या चित्रास बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक १९३७ मध्ये मिळाले.

अखेरची वर्षे

१९३८ मध्ये त्यांनी हंगेरीत डॉ. व्हिक्टर एगान या मावसभावाशी विवाह केला. भारतात परतल्यावर हे दांपत्य गोरखपूरजवळील सराया येथे राहिले. या काळातील चित्रांवर पहाडी व राजस्थानी लघुचित्रांची छाया आहे. १९४१ मध्ये ते लाहोरला गेले. तेथे प्रदर्शनाची तयारी सुरू असतानाच वयाच्या २८ व्या वर्षी अल्पशा आजाराने त्यांचे निधन झाले.

वारसा

त्यांच्या चित्रांचा सर्वांत मोठा संग्रह नवी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. भारत सरकारने त्यांच्या कृतींना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा दिला असून भारतातील चित्रे देशाबाहेर विकता येत नाहीत. ‘कथाकथनकार’ (१९३७) हे चित्र २०२३ मध्ये लिलावात ६१.८ कोटी रुपयांस विकले गेले.