कर्वेनगर ते वाशी बाजार : एका दिवसांत जाऊन येण्याची आंखणी

गेल्या श्रावणांत आमच्या वाटाण्याच्या दोन पट्ट्या लागोपाठ हातीं आल्या आणि दोहोंतही वजन कमी भरलेलें दिसलें. घरीं पन्नास किलो म्हणून शिवलेली गोणी वाशीच्या बाजारांत सत्तेचाळीस भरली, एखादी त्याहूनही कमी. पुरंदरांत आमच्या जमिनीशेजारीं जे दोन बागाईतदार आहेत त्यांच्या पट्ट्यांतही हाच प्रकार. चाळीस गोण्यांमागें गोणीस तीन किलो धरले तरी एकशेंवीस किलो माल कागदावरून नाहींसा होतो. फोनवर विचारावें तर अडत्याचें उत्तर ठरलेलें, "माल ओला होता." आतां ओल किती आणि लबाडी किती हें घरीं बसून कोणास समजणार? तेव्हां एकदां माल उतरतांना आपण स्वतः काट्याशीं उभें राहावें, असें तिघांनीं ठरविलें. तोडणी चालूं असतां दोन दिवस शेत सोडतां येत नाहीं, म्हणून जें काय करावयाचें तें एका दिवसांत उरकलें पाहिजे, ही पहिली अट. ती फेरी आम्हीं कशी आंखली आणि तींत काय हातीं लागलें, तें संघाच्या सभासदांस उपयोगीं पडेल या समजुतीनें येथें लिहितों.

पुण्याहून मुंबईस जाऊन त्याच दिवशीं परत येणें ही कांहीं आजची नवलाई नव्हे. १ जून १९३० रोजीं डेक्कन क्वीन गाडी सुरूं झाली तेव्हांपासून सकाळीं जाऊन रात्रीं घरीं जेवावयास येणारीं माणसें पुण्यांत पुष्कळ झालीं. परंतु ती गाडी कचेऱ्यांच्या वेळेस बांधलेली. ती सव्वासातास पुणें सोडते, आणि भाजीपाल्याचा बाजार तोंवर झाडून लोटून मोकळा झालेला असतो. त्याहून मागें गेलें तर १८३० सालीं गव्हर्नर माल्कम यांच्या कारकीर्दीत बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला, तोंपर्यंत घाटावरील माल बैलांच्या पाठीवरून उतरत असे. रस्ता झाल्यावरही बैलगाडी पनवेलपर्यंतच, आणि पुढें बंदरांतून होडीनें मुंबई. त्या शेतकऱ्यास काटा पाहून त्याच दिवशीं घरीं परतणें स्वप्नांतही शक्य नव्हतें. आज आम्हांस तें शक्य आहे, आणि तरीही आपण पट्टी घरपोंच येण्याची वाट पाहत बसतों, ही आमची सर्वांचीच चूक.

आमचें राहणें कर्वेनगरास. हें गांव पूर्वीचें हिंगणें. अण्णासाहेब कर्वे यांनीं १९०० सालीं आपला आश्रम येथें माळावरच्या झोंपडींत आणला, आणि फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवून ते रोज पायीं ये-जा करीत. त्या वेळीं हिंगण्याहून पुण्यास जाऊन येणें हीच एक फेरी होती! आतां भोंवतीं शेत औषधालाही उरलेलें नाहीं, पण एक सोय मात्र आहे. येथून वारज्याच्या पुलाशीं बाह्यवळण रस्त्यास लागलें म्हणजे शहराच्या गर्दींत शिरावें लागत नाहीं. पुढें चांदणी चौक, बाणेर, वाकड करीत किवळें गांठावें. तेथून द्रुतगति मार्ग. चांदणी चौकांतील जुना पूल ऑक्टोबर १९२२ नव्हे, २०२२ मध्यें पाडला (जुन्या कागदांत आयुष्य घालविल्यामुळें शतक हातून चुकतें), आणि ऑगस्ट २०२३ मध्यें नवे पूल खुले झाल्यावर तेथला तासतासाचा खोळंबा पुष्कळ कमी झाला. किवळें ते कळंबोली हा द्रुतगति मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरांचा. तो २००२ सालीं पूर्ण झाला. कळंबोलीपासून शीव-पनवेल रस्त्यानें तुर्भें येथें बाजाराच्या दारांत. कर्वेनगराच्या आमच्या घरापासून एकंदर अंतर सुमारें एकशेंतीस किलोमीटर.

अंतर कळलें म्हणजे निघण्याची वेळ कळली, असें बहुतेकांस वाटतें. खरें पाहतां मोजणी उलटी करावयास पाहिजे. भाजीपाल्याच्या आवारांत गाड्या मध्यरात्रीपासून लागतात आणि खरा सौदा पहांटेच्या अंधारांत होतो. आम्हांस चार वाजतां गाळ्याशीं उभें राहावयाचें होतें. वाटेंत चहास आणि पाय मोकळे करण्यास पाव तास, घाटांत मालमोटारींच्या रांगेमागें अडकण्यास अर्धा तास, असा हिशेब मागें मागें नेतां घरून निघण्याची वेळ रात्रीं एक ही आली. मग जो मोटार हांकणार त्यानें सायंकाळीं सातास जेवून आठाच्या आंत अंथरुणावर पडलें पाहिजे. हें शेवटचें कलम लोक सोडून देतात, आणि सर्वांत महाग तेंच पडतें.

तें किती महाग पडतें हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही एका कामासाठीं भाड्याची मोटार करून असेच मुंबईस गेलों होतों. दिवसभर आम्ही कचेरीच्या बांकावर बसलों आणि चालकास मोटारींत बसवून ठेविलें. त्यानें खाल्लें कीं नाहीं, डोळा लागला कीं नाहीं, याची चौकशी करण्याचें आमच्या मनांतही आलें नाहीं. परत येतांना रात्रीं साडेअकराच्या सुमारास खालापुराच्या अलीकडे मोटार हळूहळू कडेला सरकूं लागली. आम्हांस वाटलें, तो गाडी थांबवीत आहे. लोखंडी कठड्यास घांसल्याचा कर्कश आवाज झाला तेव्हां तो जागा झाला आणि आम्हीही. कोणास इजा झाली नाहीं. तो बिचारा रस्त्याच्या कडेला बसून थरथर कांपत होता आणि आमची क्षमा मागत होता. क्षमा वास्तविक आम्हीं मागावयाची. त्या रात्रीपासून आम्हीं नियम केला कीं, चालकाची झोंप हें फेरीच्या खर्चाचें पहिलें कलम.

म्हणून यावेळीं पुतण्यास आदल्या दिवशीं दुपारपासून शेतावरून सुट्टी दिली. तो म्हणाला, "काका, मला काय होतंय? मी चार-चार रात्री जागतो." आम्हीं सांगितलें, "जागत असशील, पण तेव्हां पाठीमागें आम्ही तिघे बसलेले नसतों." बिचारा मुकाट्यानें झोंपला.

वार निवडतांना शनिवार आणि रविवार टाळले. शनिवारीं सकाळीं मुंबईचे लोक हवा खाण्यास घाट चढतात, तेव्हां परतीच्या बाजूस मोटारींची जी माळ लागते तींत सांपडलें कीं दुपारचें जेवण घाटांतच. आम्ही बुधवार धरला. बाजाराच्या सुट्टीचा दिवस अडत्याकडे अगोदर विचारून ठेविला. फास्टॅगच्या खात्यांत शिल्लक पाहून घेतली, कारण १ एप्रिल २०२५ पासून या मार्गावर फास्टॅग नसेल तर पथकर दुप्पट पडतो. मोटारीचा विमा, चालविण्याचा परवाना, धुराचा दाखला हीं कागदपत्रें एका लखोट्यांत. चाकांतील हवा आणि कांच पुसण्याचे रबर सायंकाळींच तपासलें. श्रावणांतील घाटांत धुकें उतरलें असतां तें रबर जर झिजलेलें असेल तर चालक आंधळाच. ज्यांचा बेत ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा मोटारसायकल घेऊन जाण्याचा असेल त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, द्रुतगति मार्गावर या दोहोंस मनाई आहे. त्यांस लोणावळें-खंडाळ्यावरून जुन्या रस्त्यानेंच उतरावें लागेल.

ठरल्याप्रमाणें एक वाजतां निघालों आणि पाऊण तासांत द्रुतगति मार्गास लागलों. सपाटीवर मोटारीस ताशीं शंभर किलोमीटरांची मर्यादा आहे, घाटांत त्याहून पुष्कळ कमी. आणि ती मोडली तर खांबावरचा कॅमेरा टिपून दंडाची चिठ्ठी घरीं पाठवितो. घाट उतरतांना जड वाहनांनीं डाव्या पट्ट्यांत राहावें असा नियम असून रात्रीं तो फारसा पाळला जात नाहीं, म्हणून दोन मालमोटारींमध्यें शिरून पुढें काढण्याचा मोह आम्हीं पुतण्यास आवरावयास लावला. जेथें १८३० सालचा अमृतांजन पूल होता तेथून जातांना शेजारचे बागाईतदार वर पाहत राहिले. तो पूल एप्रिल २०२० मध्यें पाडला गेला हें त्यांस ठाऊक नव्हतें. जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचें देऊळ आहे. ज्या धनगरानें इंग्रजांस घाटाची वाट दाखविली त्याचें तें ठाणें अशी आख्यायिका असून, त्या रस्त्यानें जाणारे चालक तेथें नाणें टाकल्याशिवाय पुढें जात नाहींत. आम्ही नव्या मार्गानें असल्यामुळें मोटारींतूनच हात जोडले. आडोशी बोगद्यापाशीं मात्र पावसाळ्यांत थांबूं नये. जुलै २०१५ मध्यें तेथें दरड कोसळून माणसें दगावलीं आहेत.

चारास दहा मिनिटें असतां तुर्भ्यास पोंचलों. आवारांतील गजबज वर्णन करण्यासारखी खरी, पण आम्ही आलों होतों काट्यासाठीं. निघतांना तीन वस्तू मुद्दाम बरोबर घेतल्या होत्या : गोण्यांवर घातलेल्या क्रमांकांची वजनासह यादी, आमचा घरचा ताणकाटा, आणि एका दुकानदाराकडून मागून घेतलेलें वीस किलोंचें शिक्कामोर्तब लोखंडी वजन. अडत्यानें हें सामान पाहून भुंवया उंचावल्या, पण तो सभ्य गृहस्थ. म्हणाला, "या काका, आधी चहा घ्या, मग हवं तेवढं मोजा."

बाजाराच्या काट्यावर आमचें लोखंडी वजन ठेविलें. बरोबर वीस. तेंच आमच्या ताणकाट्यास लाविलें, तों कांटा वीसाच्या पुढें पाऊण किलोवर! मग क्रमांक सातची गोणी घेतली. घरीं ताणकाट्यावर ती पन्नास होती. येथें त्याच ताणकाट्यावर एकोणपन्नास झाली आणि बाजाराच्या काट्यावर सत्तेचाळीसच्या किंचित् वर. म्हणजे एक किलो वाटेंत ओल सुकून गेला, आणि बाकीचे पावणेदोन किलो मुळांत गोणींत कधीं नव्हतेच. तीन-चार गोण्यांवर हाच प्रयोग केला, उत्तर तेंच. ज्या काट्यावर विश्वासून आम्ही दोन महिने त्या गृहस्थास मनांतल्या मनांत चोर म्हणत होतों, त्या काट्याची स्प्रिंग ढिली पडली होती. व्यापारांतील काटे कायद्याप्रमाणें मुदतीनें तपासून शिक्का मारून घ्यावे लागतात. आमचा काटा घरचा म्हणून त्यास कोणीं कधीं विचारलेंच नव्हतें. आम्हीं अडत्यापाशीं चूक कबूल केली. तीस वर्षे दुसऱ्यांच्या मोजणींतील चुका काढून पोट भरलेल्या माणसास तें सोपें गेलें नाहीं.

तथापि पट्टी अगदींच निर्दोष होती असेंही नाहीं. २०१६ सालापासून आपल्या राज्यांत फळें व भाजीपाला यांवरील अडत शेतकऱ्याकडून घ्यावयाची नसून ती खरेदीदारानें द्यावयाची आहे. आमच्या पट्टींत अडत नव्हती. हमाली, तोलाई आणि गाडीभाडें हीं कलमें ठीक होतीं. पण "किरकोळ" म्हणून गोणीमागें चार रुपये लाविलेले होते. हें किरकोळ म्हणजे काय, असें विचारतां मुनीम वरिष्ठांकडे पाहूं लागला, वरिष्ठ छताकडे. शेवटीं तें कलम खोडलें आणि मागच्या दोन पट्ट्यांतील रक्कमही पुढील हिशेबांत जमा धरली. शेतकरी बंधूंनीं आपापल्या पट्ट्या काढून हा शब्द शोधावा.

परंतु या दोहोंहून मोठी गोष्ट आम्हांस केवळ उभें राहिल्यामुळें दिसली. चांगलें गिऱ्हाईक लवकर येतें. चार वाजतां हिरव्यागार वाटाण्यास जो भाव बोलला जात होता तो साडेपांचास किलोमागें सहा रुपयांनीं उतरला. आमचा टेंपो त्या दिवशीं पावणेपांचास आला. विचारतां कळलें कीं, तो नेहमींच वाटेंत आणखी दोन गांवांचा माल भरीत येतो. म्हणजे वजनाच्या तीन किलोंसाठीं आम्ही भांडत होतों आणि भावाचा घास रोज टेंपोवाल्याच्या उशिरानें जात होता. चाळीस गोण्यांवर त्याचा हिशेब वाचकांनींच करावा. परत आल्याबरोबर टेंपो रात्रीं आठास आमच्याच बांधावरून भरून सरळ निघेल असें ठरविलें. भाडें गोणीमागें थोडें वाढलें, तें आम्हीं खुशीनें कबूल केलें.

साडेसातास काम आटोपलें. पुतण्यास मोटारींत सावलीला दोन तास झोंपविलें आणि आम्ही तिघे फळांचें व कांदा-बटाट्याचें आवार पाहून आलों. दहास निघून वाटेंत एकदां थांबलों, आणि एकच्या सुमारास कर्वेनगरास पोंचून घरीं पान वाढून घेतलें. खर्च म्हणाल तर पेट्रोल सुमारें वीस लिटर, पथकर १ एप्रिल २०२३ च्या दरानें एका बाजूचा ३२० प्रमाणें ६४० रुपये, चहा-फराळ निराळा. तिघांत वांटून प्रत्येकी साधारण अकराशें रुपये पडले.

ताणकाटा दुसऱ्याच दिवशीं मोडींत दिला. पुढील फेरी सीताफळाच्या हंगामांत काढण्याचा विचार आहे. त्या वेळीं फळांच्या आवाराची वेळ धरून मोजणी पुन्हां करावी लागेल. मोटारींत एक जागा रिकामी राहील. ज्या सभासदास यावयाचें असेल त्यानें आपल्या मागील तीन पट्ट्या घेऊन संघाच्या कचेरींत कळवावें, आणि मोटार आपणच हांकूं असा आग्रह धरूं नये.