माळवे आणि गोळी

सीमाभागात भाजीपाल्याला ‘माळवं’ म्हणतात. दूधगंगेकाठच्या सदलग्यात उसाचे राज्य, तर शेजारच्या निपाणीची ओळख तंबाखूची. गोव्याच्या बाजारातील बरीचशी भाजी याच बेळगाव जिल्ह्यातून घाट उतरून येते. घाट बंद पडला की भाव कडाडतात, हे आपल्याला ठाऊक आहे. अशा वेळी भाजीऐवजी जीवनसत्त्वाची एक गोळी घेतली तर काय बिघडले, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे उत्तर तंबाखूशीच निगडित आहे. भरपूर भाजी खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असे अनेक पाहण्यांत दिसले होते. श्रेय बीटा कॅरोटिनला, म्हणजे गाजराच्या केशरी रंगद्रव्याला मिळाले. मग फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांवर त्याची चाचणी झाली. कॅरोटिन मिळालेल्यांना पाच ते आठ वर्षे रोज 20 मिलिग्रॅमची मात्रा देण्यात आली. 1994 मध्ये निष्कर्ष आला तेव्हा संशोधकच चक्रावले. त्यांच्यात कर्करोग 18 टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेतील अशीच दुसरी चाचणी जानेवारी 1996 मध्ये मुदतीपूर्वी थांबवावी लागली. तेथे वाढ 28 टक्के होती.

गाजर तेच, मग फळ वेगळे का? कच्च्या गाजरातील कॅरोटिन पेशींच्या भिंतींत अडकलेले असते, त्यामुळे रक्तात थोडेच उतरते. गाजर शिजवून तेलाची फोडणी दिली की ते अधिक मिळते, तरीही बेताने. गोळीने मात्र त्याचे रक्तातील प्रमाण अनेक पटींनी वाढते. शिवाय भाजीत तंतू, पोटॅशियम आणि इतर कित्येक रंगद्रव्ये एकत्र नांदतात. गुण त्या समुदायाचा होता. आपण एकाच घटकाच्या गळ्यात माळ घातली. भाजी खाणाऱ्यांच्या इतर चांगल्या सवयींचा वाटाही त्यात असणारच.

म्हणून सर्वच गोळ्या त्याज्य ठरत नाहीत. गरोदरपणी सरकारी दवाखान्यातून 180 दिवस मिळणाऱ्या लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या चुकवू नयेत. बी-12 तर कोणत्याच भाजीत नसते. शुद्ध शाकाहारी व्यक्तीच्या तपासणीत ते कमी आढळल्यास नुसती मेथी खाऊन भागणार नाही. प्रश्न आहे तो उणीव नसताना, केवळ जाहिरात पाहून घेतलेल्या डब्यांचा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शिकेत दिवसाला 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळे सुचवली आहेत. हा आकडा मोठा वाटतो खरा, पण अंबाडी, शेवग्याचा पाला, लाल भोपळा यांना तो महाग पडत नाही. आणि घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर जीवनसत्त्वांच्या बाटलीवरील बारीक अक्षरांत ‘बीटा कॅरोटिन’ आहे का, हे पाहून ती डॉक्टरांना दाखवावी.