'सोनपाठी' हे नाव आणि रानातील सुतारपक्षी

संस्कृत कोशांत या पक्ष्याला 'दार्वाघाट', म्हणजे लाकडावर आघात करणारा, असे म्हटले आहे. हिंदीत तो 'कठफोडवा' आहे. मराठीने मात्र त्याला सरळ एका बलुतेदाराचे नाव दिले. ही तिन्ही नावे कर्मावरून पडलेली आहेत. जातिभेद सांगावयाचा झाला की कर्म अपुरे पडते आणि रंगाचा आश्रय घ्यावा लागतो. 'सोनपाठी सुतार' हे नाव या प्रकारचे होय. परंतु सह्याद्रीत सोनेरी पाठीचे सुतार एकाहून अधिक असल्यामुळे ते नाव नेमक्या ठिकाणी दगा देते.

आमरायांत व नारळीच्या बागांत नेहमी दिसतो त्या सोनपाठीची कंबर काळी असते. कंठही काळा असून त्यावर पांढरे ठिपके असतात. दाट रानातील थोरला सोनपाठी सुमारे ३३ सेंटिमीटर लांबीचा. त्याची कंबर तांबडी, डोळा फिकट, मानेची मागील बाजू पांढरी आणि चोच जवळजवळ डोक्याइतकी लांब. नराचा तुरा तांबडा. मादीचा काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. सर्वांत भरवशाची खूण गालावर आढळते: चोचीपासून निघालेली काळी रेघ दुहेरी होऊन मध्ये पांढरा लंबगोल राखते. सह्याद्रीच्या दक्षिण भागात तांबड्या कंबरेचा आणखी एक सोनपाठी आहे. त्याची ही रेघ एकेरी असते आणि पायाला बोटे तीनच असतात. अर्थात उंच खोडावरील पक्ष्याची बोटे मोजणे हे ग्रंथातच शोभणारे काम आहे.

थोरला सोनपाठी बहुधा जोडीने वावरतो. ताठ शेपटीचा टेकू देऊन तो झटक्याझटक्याने खोडाभोवती वर चढतो, साल उडवितो आणि काटेरी टोकाच्या लांब जिभेने आतील अळ्या ओढून काढतो. या जिभेला आधार देणारी हाडे कवटीला मागून वळसा घालतात. त्याने कोरलेल्या ढोलीत पुढे पोपट, मैना, पिंगळे असे कोरता न येणारे पक्षी राहतात. त्याला जुनी, जाड खोडाची झाडे लागतात. बागेतल्या सोनपाठीचे तसे नाही. म्हणूनच वननोंदीत नुसते 'सोनपाठी' लिहिले, तर मोठे वृक्ष तुटून थोरला नाहीसा झाला आणि त्याच्या जागी बागेतला आला, तरी नोंदीतला शब्द बदलत नाही.

शास्त्रीय नावातही हा पेच आहेच. 'क्रायसोकोलाप्टिस' म्हणजे ग्रीकमध्ये सोनेरी टोचणारा. पूर्वी सह्याद्रीपासून फिलिपाईन्सपर्यंतचे असे सर्व पक्षी एकाच जातीत गणले जात. आता त्यांच्या अनेक जाती मानतात, आणि सह्याद्रीतील पक्ष्याला कित्येक तज्ज्ञ 'सोशियालिस' या नावाने वेगळे काढतात.