भूतदयेचे दार

चेन्नईतील टी. नगर म्हटले की रेशमी साड्या, सोन्याचांदीच्या पेढ्या आणि रंगनाथन स्ट्रीटवरील मुंगीलाही वाट न मिळेल अशी गर्दी डोळ्यांपुढे उभी राहते. त्यागराय नगर हे या वस्तीचे पूर्ण नाव. जस्टिस पक्षाचे पुढारी सर पी. त्यागराय चेट्टी यांच्या स्मरणार्थ ते ठेवले गेले. १९२० नंतरच्या दशकात मांबलमचा विस्तीर्ण तलाव बुजवून ही वस्ती वसविण्यात आली. पावसाने जोर धरला म्हणजे येथील रस्त्यांतून आजही पाणी साचते. १९५९ साली अशाच एका पावसात, साचलेल्या पाण्यात धडपडणारी कुत्र्याची दोन पिल्ले कॅप्टन व्ही. सुंदरम् या वैमानिकाने उचलून घरी आणली आणि तेथूनच ‘ब्लू क्रॉस ऑफ इंडिया’ या संस्थेचा उगम झाला, असे सांगितले जाते. पत्नी उषा आणि मुले यांच्या साह्याने एका कुटुंबाच्या घरात सुरू झालेले हे कार्य पुढे गिंडी येथील रुग्णालय आणि निवारा यांपर्यंत वाढले.

काळही या कार्याला अनुकूल होता. याच शहरातील रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांच्या छळाविरुद्ध विधेयक मांडले होते. त्यांच्या प्रयत्नांतून १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. त्या कायद्यान्वये १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा होत्या आणि मंडळाचे कार्यालयही दीर्घकाळ याच शहरात होते.

परंतु श्रोतेहो, प्राणिदयेचे कार्य करणाऱ्या कोणत्याही संस्थेविषयी, मग ती चेन्नईतील असो, पुण्यातील असो की मुंबईतील, लोकांना त्यांचा अनुभव विचारा. उत्तरे एकमेकांना छेद देणारी मिळतील. एकजण म्हणेल, अपघातात सापडलेल्या जनावराला त्यांनीच जीवदान दिले. दुसरा म्हणेल, दहा वेळा कळविले तरी कोणी फिरकले नाही. तिसऱ्याची तक्रार तर अशी की, नेलेले कुत्रे चार दिवसांनी पुन्हा दारात आणून सोडले. एकाच स्वरूपाच्या कार्याविषयी इतके भिन्न अनुभव का यावेत? कार्यकर्त्यांचा आळस किंवा हेकटपणा हे उत्तर काही ठिकाणी खरेही असेल. तथापि या विसंगतीचे मुख्य कारण याहून खोल आहे. ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर आपल्या शहरांना पूर्वी दोनच मार्ग ठाऊक होते. पहिला मारण्याचा. मुंबईत १८३२ मध्ये सरकारी हुकमाने रस्त्यावरील कुत्री मारण्याचे काम सुरू झाले आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे इनाम ठरले. कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी त्यावर खवळून उठले. त्या जूनमध्ये व्यवहार बंद पडले, दंगा उसळला आणि सैन्य बोलवावे लागले. दुसरा मार्ग सांभाळण्याचा. त्या दंग्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेदजी जिजीभाई आदी दात्यांच्या औदार्याने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. तात्पर्य, एका हाती सोटा आणि दुसऱ्या हाती अन्नछत्र! पैकी सोट्याने कुत्री संपली नाहीत आणि अन्नछत्रात साऱ्यांना जागा पुरणे शक्य नव्हते. मद्रास महापालिकाही वर्षानुवर्षे कुत्री धरून मारीत आली. तरी रस्ते मोकळे झाले नाहीत.

ब्लू क्रॉसने १९६४ पासून तिसरा मार्ग चोखाळला. सुंदरम् यांचे पुत्र डॉ. चिन्नी कृष्ण हे या मार्गाचे खंदे पुरस्कर्ते. कुत्रे पकडावे, शस्त्रक्रियेने त्याची प्रजननशक्ती थांबवावी, पिसाळण्याच्या रोगाविरुद्ध लस टोचावी, ओळखीसाठी कानाला लहानशी खाच पाडावी आणि ज्या गल्लीतून आणले त्याच गल्लीत त्याला परत सोडावे, असा हा क्रम आहे. महापालिकेने हा मार्ग स्वीकारायला १९९६ साल उजाडले. २००१ मध्ये केंद्र सरकारने त्याला नियमांचे रूप दिले आणि २०२३ मध्ये ते नियम नव्याने जारी झाले.

या क्रमातील शेवटची पायरी लोकांना सर्वांत कोड्यात टाकते. धरून नेलेले कुत्रे परत का आणावे? कुत्रे हे हद्द राखणारे जनावर आहे. एखाद्या गल्लीतील कुत्री उचलून नेली तरी तेथील उकिरडा, खानावळीचे खरकटे आणि आडोसा तसाच राहतो. रिकाम्या जागेत शेजारची नवी कुत्री शिरतात. ती लस न टोचलेली आणि प्रजननक्षम असतात. मादी सुमारे ६३ दिवसांत विते आणि एका वेळी चार-सहा पिल्ले सहज देते. उलट लस टोचलेले, वांझ केलेले जुने कुत्रे तेथे राहिले म्हणजे ते नव्यांना शिरू देत नाही. एखाद्या भागातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना मानते. म्हणजे दारात परत आलेले ते खाच पडलेल्या कानाचे कुत्रे एका अर्थी त्या गल्लीचे संरक्षक कवच असते.

आता मघाच्या तक्रारींकडे वळू. कुत्रे कायमचे नाहीसे व्हावे ही ज्याची अपेक्षा, त्याला हा मार्ग फसवणूक वाटतो. त्याची भीती खोटी नाही. ज्याच्या लेकराला चावा बसला आहे त्याला टक्केवारीचे गणित सांगून समाधान होत नाही. शिवाय ते गणित अर्धवट राबविले तर निष्फळच ठरते. दहांपैकी तिघांवर शस्त्रक्रिया करून सात तशीच सोडली, तर पिल्लांची संख्या पुन्हा पूर्वपदावर येते. संस्था, महापालिका आणि नागरिक यांच्यातील निम्मा कलह या अर्धवटपणातून जन्मतो.

दुसरा गट पाळीव कुत्रे संस्थेच्या दारी ठेवू पाहणाऱ्यांचा. बदली झाली, घर लहान पडले, जनावर म्हातारे झाले, अशी कारणे असतात. संस्थेने नकार दिला की दया आटल्याचा आरोप होतो. वास्तविक निवाऱ्यात गर्दी झाली की डिस्टेंपर आणि पार्व्हो हे रोग वणव्यासारखे पसरतात. निरोगी पिल्लू तेथे ठेवणे म्हणजे पुष्कळदा त्याला आजाराच्या तोंडी देणे होय. तिसरा गट जखमी जनावरासाठी वाहन मागणाऱ्यांचा. वाहने मोजकी, शहर अफाट. ज्याच्याकडे गाडी वेळेवर पोचली तो ऋणी राहतो आणि ज्याच्याकडे पोचली नाही तो जन्मभर ते विसरत नाही. दोघेही खरेच बोलत असतात.

चौथा मतभेद ताटाशी येतो. प्राणिरक्षणाच्या चळवळीतील पुष्कळ लोक ‘वीगन’ असतात. १९४४ मध्ये इंग्लंडात रूढ झालेल्या या शब्दाचा अर्थ मांसच नव्हे तर दूध, तूप, मध आणि कातडेही वर्ज्य करणारा, असा आहे. गाय दूध देते ती वासरासाठी, आणि दुधाच्या धंद्यात गोऱ्हा निरुपयोगी ठरतो, हा त्यांचा युक्तिवाद आहे. पहाटेच्या फिल्टर कॉफीवर जगणाऱ्या चेन्नईला किंवा श्रीखंड-बासुंदीच्या महाराष्ट्राला तो पचणे कठीण जाते. कुत्र्याला मदत करायला आलेल्या माणसाला आपल्या चहाचा जाब विचारला गेला की तो दुखावतो. दुसऱ्या बाजूने, दूध पिणाऱ्याने स्वतःला सर्वथा अहिंसक म्हणवावे, हे कार्यकर्त्याला खुपते. विचार कितीही सुसंगत असला तरी मदतीला आलेल्या हाताची परीक्षा घेणे इष्ट नव्हे, असे वाटते. आणि परीक्षा झाली म्हणून प्रश्न खोटा ठरतो असेही नाही.

२०२५ मध्ये हा सारा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. ११ ऑगस्टला न्यायालयाने दिल्ली परिसरातील कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्यास सांगितले. २२ ऑगस्टला तो आदेश बदलून, पिसाळलेली आणि हिंस्र कुत्री वगळता इतरांना शस्त्रक्रिया व लस यांनंतर मूळ जागी सोडावे, मात्र त्यांना खाऊ घालण्यासाठी ठराविक जागा असाव्यात, असे ठरविले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणची कुत्री हलवून ती तेथे परत न सोडण्याचा आदेश दिला. एका वर्षात न्यायालयालाही सोडणे आणि ठेवणे यांच्यामधली रेषा पुन्हा पुन्हा आखावी लागली, यावरून प्रश्नाची अवघड जात लक्षात यावी.

मग सामान्य माणसाने काय करावे? चावा बसलाच तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि तत्काळ लस घ्यावी. रोग अंगात प्रकट झाल्यावर त्यावर उपाय चालत नाही. आपल्या गल्लीतील किती कुत्र्यांच्या कानाला खाच आहे हे पाहावे आणि उरलेल्यांची नोंद महापालिकेकडे करावी. खाऊ घालणाऱ्याने ठरल्या जागी घालावे, उष्टे मागे टाकू नये आणि त्याच कुत्र्यांच्या लसीची जबाबदारीही पत्करावी. पाळलेले जनावर त्याच्या अखेरीपर्यंत आपले आहे, हे ते घरी आणतानाच मनाशी पक्के करावे.

संस्थेचा हिशेब जनतेने जरूर मागावा. शस्त्रक्रिया किती झाल्या, देणगी कोठे खर्च झाली, शस्त्रक्रियेनंतर जनावरांची निगा कशी राखली गेली, हे विचारण्याचा नागरिकाला अधिकार आहे. परंतु सोटाही नको आणि अन्नछत्राचा भारही नको, असे म्हणणाऱ्याला तिसऱ्या मार्गात आपला वाटा उचलावाच लागतो. पांजरपोळाला देणगी दिली की पूर्वी कर्तव्य संपत असे. या मार्गात ते संपत नाही, कारण बरे झालेले जनावर शेवटी आपल्याच गल्लीत परत येते.